एक बशी, एक पेला आणि वस्तुपाठ

निवृत्त माणसाकडे घरातल्या तीन गोष्टी आपोआप चालत येतात : दुधाची पिशवी, गॅसच्या सिलिंडरची पावती आणि नातवंडांचे शाळेतले प्रोजेक्ट. पहिल्या दोन कामांना अक्कल लागत नाही. तिसऱ्याला लागणारी अक्कल आपल्याकडे आहे असा घरच्यांचा समज असतो, आणि तो समज टिकवण्यातच माझी उतारवयातली बरीचशी शक्ती खर्च होते.

आम्ही राहतो हाटकेशला, मीरा रोड पूर्वेला. हाटक म्हणजे सोनं आणि हाटकेश्वर म्हणजे महादेव, ही माहिती मी आजवर अनेक रिक्षावाल्यांना दिली आहे. भाड्यात फरक पडलेला नाही. शिवाय नावात सोनं असलं तरी पत्त्यात उद्योगनगर आहे, आणि गाळ्यांतून ऐकू येणारा आवाज पत्र्याचा आहे. मी इथे आलो १९८९ साली. मीरा-भाईंदरची नगरपालिका तेव्हा उणीपुरी चार वर्षांची होती. महानगरपालिका व्हायला २००२ साल उजाडलं. त्या दिवसांत भाईंदरकडे जाताना लोकलच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. पाण्याचे उथळ चौकोन, बांधावर मिठाचे पांढरे ढीग आणि गुडघ्यापर्यंत धोतर-लुंगी खोचलेली माणसं. मी रोज ते बघायचो. बघायचो म्हणजे काय, तोंड त्या बाजूला असायचं.

गेल्या फेब्रुवारीत आमची नात सई (इयत्ता चौथी) परिसर अभ्यासाचा एक छापील कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. कागदावर विषय होता 'बाष्पीभवन', आणि खाली पाच आज्ञा होत्या : निरीक्षण करा, अंदाज बांधा, मोजा, नोंदवा, निष्कर्ष काढा. आमच्या लहानपणी शाळेची एकच आज्ञा असे. पाठ करा. त्यामुळे मी सवयीने म्हटलं, "कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे तयार तक्ता मिळेल. सूर्य, समुद्र, ढग, सगळं रंगीत. चिकटवून टाकू."

"त्यात निरीक्षण कुठेय?" सईने विचारलं.

"छापणाऱ्याने केलेलं असतं."

तिला ते पटलं नाही. तिच्या डोक्यात भलताच प्रश्न होता. "आजोबा, मिठागरं एवढी पसरट का असतात? खोल खड्डा केला तर कमी जागेत जास्त पाणी मावेल ना?"

मी छत्तीस वर्षं ती मिठागरं बघत होतो. हा प्रश्न मला पडला नव्हता. पण आजोबापणाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला 'माहीत नाही' हे दोन शब्द उच्चारता येत नाहीत. मी म्हणालो, "पद्धत आहे तशी. खोली कितीही ठेवा, पाणी तेवढंच, ऊन तेवढंच, म्हणजे वाळायला वेळही तेवढाच."

"पैज?" सई म्हणाली.

अशी पैज लागली. एक काचेचा पेला, एक बशी. खोकल्याच्या औषधाचं टोपण दहा मिलिलिटरचं. त्याने पाच-पाच टोपणं पाणी दोन्हींत, आणि पाव-पाव चमचा मीठ. दोन्ही भांडी बाल्कनीत, शेजारी शेजारी. सईचा अंदाज : बशी आधी वाळेल. माझा अंदाज : बरोबरच वाळतील. पणाला लागलेली वस्तू : कुल्फी. बशी आमच्या हिच्या ठेवणीतल्या सेटमधली आहे हे कळायला मात्र दुसरा दिवस उजाडला.

पाणी वाळायची वाट बघणं हा वेळखाऊ उद्योग आहे. माणूस त्या अवधीत झोपतो किंवा वाचतो. मी दोन्ही केलं. त्यातल्या वाचनात मला एक गमतीदार इतिहास सापडला. 'निरीक्षण करा, मोजा, नोंदवा' ही आज्ञा आजकालच्या शाळांचं फॅड आहे असं मी समजत होतो. प्रत्यक्षात गेली दोनशे वर्षं ही आज्ञा पुन्हा पुन्हा निघते आहे, आणि दर वेळी तिचं थोड्या दिवसांत पाठांतर होतं आहे.

'वस्तुपाठ' हा शब्दच घ्या. आपण म्हणतो, अमक्याने प्रामाणिकपणाचा वस्तुपाठ घालून दिला. पण हा शब्द मुळात शाळेतला. स्वित्झर्लंडमधला पेस्टालॉझी नावाचा शिक्षक (१७४६–१८२७) सांगत होता की मुलाला शब्द देण्याआधी वस्तू द्या. तिला हात लावू दे, वास घेऊ दे, उलटीपालटी करू दे. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ मेयो या बाईंनी त्यावरून वस्तूंवरच्या धड्यांचं पुस्तक लिहिलं, ते १८३० च्या सुमाराला गाजलं. काच, स्पंज, मीठ अशी एकेक वस्तू वर्गात आणायची आणि मुलांना तिच्याविषयी बोलतं करायचं. पुढे ही रीत इंग्रजी अमदानीबरोबर आपल्याकडच्या शाळांत आली आणि तिचं बारसं झालं 'वस्तुपाठ'.

पण झालं काय, की वस्तू आणायला कष्ट पडतात आणि पाठ द्यायला पडत नाहीत. हळूहळू वस्तू घरी राहिली आणि पाठ तेवढा शाळेत येऊ लागला. इंग्लंडमध्ये हे इतकं वाढलं की डिकन्सने १८५४ साली 'हार्ड टाइम्स' या कादंबरीत त्याची यथेच्छ टर उडवली. तिथे घोड्यांच्या संगतीत वाढलेल्या मुलीला घोड्याची व्याख्या सांगता येत नाही म्हणून ती मठ्ठ ठरते, आणि घोड्याचे दात-खूर पाठ म्हणून दाखवणारा मुलगा हुशार ठरतो. हे वाचताना मला आमचा वर्ग आठवला. गाय या विषयावर मी दहा ओळी घडाघडा म्हणायचो. शाळेच्या पडवीत गाय बांधलेली असायची. तिच्याकडे आमच्या वर्गाची पाठ असायची.

तेवढ्यात बाल्कनीतून सईची हाक आली. रविवारची सकाळ होती. बशीतलं पाणी एकदम निम्म्यावर आलं होतं. "कबूतर पिऊन गेलं!" मी जाहीर केलं.

"आपण पाहिलं का कबूतर?"

"पीस पडलंय की!"

"मग पीस पाहिलं असं लिहायचं. कबूतर हा अंदाज." आणि तिने वहीत तसंच लिहिलं : 'पाणी कमी झालं. बशीजवळ एक पीस होतं. कबूतर आलं असेल.' मी चाळीस वर्षं हिशेबखात्यात काढली. पाहिलेलं आणि मानलेलं या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत लिहायच्या असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काही बढत्या हुकल्या असत्या.

प्रयोग रद्द झाला. संध्याकाळी नव्याने पाणी मोजलं, आणि दोन्ही भांड्यांवर दुधाच्या पातेल्यावरच्या जाळ्या घातल्या. दोन्हींवर का? पेल्यात कबुतराची चोच जात नाही. मी तसं म्हणालोही. सई म्हणाली, "एकालाच जाळी घातली तर तुम्ही उद्या म्हणाल, जाळीमुळे झालं." मोठमोठ्या प्रयोगशाळांत याला भारदस्त नाव आहे. आमच्या घरात त्याला 'आजोबांना तोंड फोडू द्यायचं नाही' म्हणतात.

असो. इतिहासाकडे वळू या. शब्द उरला आणि वस्तू गेली, अशा त्या काळातही महाराष्ट्रात काही भली माणसं वस्तूकडे बोट दाखवत होती. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिकवलं. 'भारतीय ज्योतिष' हा त्यांचा जाडजूड ग्रंथ १८९६ चा. पण त्याआधी, १८९२ साली, त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिलं, आणि त्याचं दुसरं नाव ठेवलं 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढा वेळ अंगणात या आणि मान वर करा, एवढीच फी. १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक निघालं आणि विज्ञान मराठीतून घरोघर येऊ लागलं.

आणि आमच्याच रेल्वेलाइनवर, मीरा रोडहून उत्तरेला गाडी जाते तिकडे, घोलवडजवळच्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम उभारलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, ही नेहमीची तक्रार. या बायकांनी ती तक्रार सरकारदरबारी न पाठवता शाळाच कुरणात पाठवली. तिचं नाव 'कुरणशाळा'. तिथे गायीकडे पाठ करून गाय शिकायची सोय नव्हती. गाय मुलाच्या शेजारी चरत होती.

मग १९५७ सालच्या ४ ऑक्टोबरला रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि त्याचा परिणाम अमेरिकेतल्या बालवर्गांवर झाला. शेजाऱ्याचा मुलगा पहिला आला की आपल्या मुलाच्या पाठीत धपाटा बसतो, हा न्याय जागतिक आहे. अमेरिकेत विज्ञान-शिक्षणावर पैशाचा पाऊस पडला. तिथल्या शास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेने साठीच्या दशकात 'सायन्स : ए प्रोसेस अ‍ॅप्रोच' नावाचा प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम केला. त्यांचं म्हणणं असं, की लहान मुलाला माहितीची पोती देऊ नका, शास्त्रज्ञ जे करतो ते करायला शिकवा. त्यांनी आठ मूलभूत कौशल्यं काढली : निरीक्षण, वर्गीकरण, मापन, संख्यांचा उपयोग, स्थळकाळाचं भान, पाहिलेलं दुसऱ्याला नीट सांगणं, भाकीत आणि अनुमान.

मी ही यादी हिला वाचून दाखवली. ही बोंबील घेऊन नुकतीच बाजारातून आली होती. "यात नवीन काय?" ती म्हणाली. मीही विचार केला. ही मासळी निरखते, ताजी-शिळी वेगळी करते, वाटा नजरेने मोजते, कोळणीला आपलं मत स्पष्ट शब्दांत कळवते, उद्या भाव उतरेल असं भाकीत करते, आणि मी आणलेली मासळी बघून मी कोणाकडून फसलो याचं अचूक अनुमान काढते. आठही कौशल्यं झाली. अमेरिकेचा पैसा वाचला असता.

आपल्याकडे ही लाट आली ती मात्र उसनी राहिली नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांत एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या त्यामागच्या संस्था. किशोर भारती उभारणारे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून खेड्यात गेले होते, आणि त्या संस्थेतले शास्त्रज्ञही मदतीला होते. सहावी ते आठवीची मुलं चार-चारच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करायची, शेतातून किडे-पानं गोळा करायची, आणि परीक्षेला चक्क पुस्तक उघडं ठेवून बसायची. उत्तर पुस्तकात नसेल तर पुस्तक उघडं ठेवायला भीती कसली? १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून अरविंद गुप्ता नावाचे तरुण इंजिनिअर तिथे गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगकाड्या यांतून भूमितीचे आकार करत बसले. त्यांची तीच 'आगकाडी' पुढे देशभर पोचली.

मुंबईतही स्वस्थता नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. आज ते मानखुर्दला प्रशस्त आवारात आहे, पण सुरुवातीचा संसार नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत होता. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. या मंडळींनी महापालिकेच्या मराठी शाळांतल्या मुलांकडे पाहिलं आणि १९८१ च्या सुमाराला एक गोष्ट दाखवून दिली. ती आपल्या मराठी माणसांनी फ्रेम करून लावावी अशी आहे. या मुलांना विज्ञान अवघड जात नव्हतं. विज्ञानाच्या पुस्तकातली मराठी अवघड जात होती! तोच मजकूर सोप्या भाषेत दिला की मुलांची समज वाढायची. म्हणजे पाणी उडून जातं हे पोराला ठाऊक असतं. त्याचं 'बाष्पीभवन होते' असं म्हटलं की ते पोर पाण्यासह उडून जातं.

पुढे याच केंद्रात जयश्री रामदास यांनी 'स्मॉल सायन्स' ही प्राथमिक वर्गांची पुस्तकमाला केली. तिच्यातल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं पुस्तकात नाहीतच; ती घरात, अंगणात, शेजारी शोधायची. आणि पुण्यात, जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुकात, मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका निघाली. अरविंद गुप्ता तिथे २००३ पासून अकरा वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत होते. त्या वास्तूचं नाव 'पुलस्त्य', पु. ल. देशपांडे यांच्या स्मृतीशी जोडलेल्या देणगीतून ती उभी राहिली. हसवणाऱ्या माणसाच्या नावाने मुलांना प्रश्न पडावेत, हे मला फार बरं वाटलं.

सगळंच गोड झालं असं नाही. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षांत हजाराच्या आसपास शाळांत पोचला होता. राज्य सरकारने २००२ साली तो बंद केला. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी १९८१ साली सुरू केलेल्या बालवैज्ञानिक स्पर्धेत मुलांनी स्वतः प्रकल्प करावा अशी अपेक्षा असते. तिच्या तयारीचे क्लास निघाले आहेत. वस्तू आत आली की तिला हळूच बाहेर काढून जागेवर पाठ ठेवायचा, हा आपला जुना हातखंडा आहे.

आता माझ्या पापाची कबुली.

सोमवारी संध्याकाळी मोजमाप झालं. बशी निम्मी रिकामी. पेल्यातलं पाणी सतरा मिलिमीटर होतं ते पंधरावर आलेलं, फक्त दोन खाली. पैज हातची चालली होती. कुल्फीचं काही नाही हो; पण घराण्यात शब्द राहायला नको? रात्री सगळे झोपल्यावर मी उठलो आणि पेल्यातलं तीन चमचे पाणी कुंडीत टाकलं. चाळीस वर्षं हिशेबाचा मेळ बसवलेल्या हाताला ते जड गेलं नाही.

मंगळवारी सकाळी सईने पट्टी लावली. दहा मिलिमीटर! तिने पुन्हा लावली. मग जी विचारात पडली ती शाळेची वेळ होईपर्यंत. "आजोबा, दिवसभर उन्हात दोनच मिलिमीटर उडालं. मग रात्री ऊन नसताना पाच कसं?" तिने पेला कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून गळतो का ते पाहिलं. गळत नव्हता. जाळी तपासली. पीस नव्हतं. आईला विचारलं, बाबांना विचारलं, आजीला विचारलं. मग माझ्यापुढे आली. "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणू शकलो असतो, "विज्ञानात असं होतं कधी कधी." तिने मानलंही असतं. आजोबा म्हणतात म्हणजे असेल. आणि पुढच्या वेळी पट्टी लावलीच नसती. ते वाक्य अगदी जिभेवर आलं, आणि मला एकदम आमचे गुरुजी दिसले. दुसरीत असताना मी त्यांना विचारलं होतं, "गुरुजी, वडील चहा बशीत ओतून का पितात?" गुरुजींनी हातावर छडी मारून सांगितलं होतं, "आगाऊपणा!" त्यानंतर मी शाळेत प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

"मी पाणी काढलं," मी म्हणालो.

सई रागावेल असं वाटलं होतं. ती तर आनंदाने ओरडलीच. "म्हणजे माझं मोजणं बरोबर होतं!" आणि तिने वहीत लिहिलं : 'सोमवारी रात्री आजोबांनी तीन चमचे पाणी काढलं. म्हणून प्रयोग पुन्हा केला.' खाडाखोड नाही, आरडाओरडा नाही. आमच्या ऑफिसात असे शेरे असते तर!

तिसऱ्यांदा पाणी ओतलं. गुरुवारी संध्याकाळी बशी खडखडीत कोरडी. पेल्यात अजून बारा मिलिमीटर. मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत आलो, सवयीने चहा बशीत ओतला, फुंकर मारली, आणि थांबलो. पसरट भांड्यात पाण्याला हवा जास्त लागते. म्हणून ते लवकर उडतं, आणि उडताना चहाची ऊब घेऊन जातं. मिठागरवाला खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत का पसरतो, याचं उत्तर मी सत्तर वर्षं रोज दोनदा पीत होतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात जेमतेम पस्तीस ग्रॅम क्षार. खोल खड्ड्यात वाट बघत बसला असता तर पावसाळ्याने गाठलं असतं.

शुक्रवारी वही गेली आणि सोमवारी परत आली. दहापैकी साडेनऊ. अर्धा मार्क गेला तो निष्कर्षात 'बाष्पीभवन' हा शब्द नाही म्हणून. मी उसळलोच. पण सईने पान उलटलं. मागे बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं : 'कबुतराचं आणि आजोबांचं लिहिलंस ते फार आवडलं. बशीत उरलेले दाणे भिंगातून पाहिलेस का? आकार कसा आहे?'

माझं वर्तमानपत्राचं भिंग निघालं. आम्ही दोघांनी बशीवर डोकी टेकवली. इवले इवले चौकोनी ठोकळे होते, जणू कोणी पट्टीने कापले आहेत.

"चौकोनीच का, आजोबा?"

मी खुर्चीवर सावरून बसलो, घसा साफ केला, आणि म्हणालो, "माहीत नाही. बघू या."

"बघा, बघा," ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "पण माझी बशी तेवढी परत कधी मिळणार, त्याचा अंदाज बांधून ठेवा!"